शेजारच्या आजोबांचा डबा आणि कापसातली गिनी

पत्र थोडक्यात असं. मराठी कुटुंब, नऊ वर्षं झाली इंग्लंडमध्ये. शेजारी एकटेच राहणारे एक इंग्रज आजोबा, वय ऐंशीच्या पुढे. ते केअर होममध्ये जायच्या आधी घर आवरत होते तेव्हा त्यांनी यांच्या अकरा वर्षांच्या मुलाला चॉकलेटचा रिकामा पत्र्याचा डबा दिला, आत दोनेकशे जुनी नाणी. मुलगा तेव्हापासून भिंग घेऊन त्यातच बसलेला असतो. मोठे काळपट पेनी, शिलिंगं, भोकाची नाणी, एक चक्क चौकोनी नाणं. त्यातले वीसेक पेनी त्याने व्हिनेगर आणि मीठ लावून चकचकीत करून टाकले. मग गेल्या महिन्यात डब्याच्या तळाशी कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी सापडली, तिच्यात कापसात गुंडाळलेलं सोन्याचं नाणं, साल 1918. नवरा म्हणतो परत देऊन टाकू, उद्या कुणी बालंट घेईल. ताई म्हणतात दिलं ते दिलं, पण झोप मात्र त्यांचीच उडालीये. त्यात आणखी एक सल. त्या लिहितात, "ज्यांनी आपल्याला लुटलं त्यांच्या राजाराण्यांची तोंडं माझा मुलगा तासन्‌तास बघत बसतो, मला बरं नाही वाटत. छंद सोडवू का? आणि यात किमती काय ते कसं ओळखायचं?"

ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न तीन-चार आहेत पण तुम्ही ते सगळे त्या एकाच डब्यात भरलेत, म्हणून डबा जड लागतोय. एकेक बाहेर काढू.

आधी व्हिनेगर, कारण ते आजच थांबायला हवं. मुलाला ओरडू नका मात्र, आपल्याकडे हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, लक्ष्मीपूजनाला देवघरातला राणीछाप रुपया चिंचेने घासून लख्ख केल्याशिवाय ताम्हनात ठेवतो का आपण? मी स्वतः सातवीत असताना आजोबांचा 1862 चा राणीछाप चिंच आणि राख लावून असा घासला की त्यात तोंड दिसावं, आणि मोठ्या ऐटीत पुण्याच्या जुन्या बाजारात एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला दाखवायला नेला. त्याने तो कडेने धरला, उजेडात तिरका केला, आणि म्हणाला, "बाळ, याची कातडी सोललीस की रे." चांदीच्या भावाच्या वर एक पैसा द्यायला तयार नव्हता. विकला नाही मी, अजून माझ्याकडे आहे, आणि आज चाळीस वर्षांनी सुद्धा तो तसाच ओशाळल्यासारखा पांढरा दिसतो. जुन्या नाण्यावरचा तो काळसर तपकिरी थर म्हणजे मळ नसतो, धातूने इतक्या वर्षांत स्वतःवर घेतलेलं पांघरूण असतं ते, आणि संग्राहक पहिल्यांदा तेच बघतात. फारच चिकट घाण असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवायचं, मऊ फडक्याने टिपायचं, घासायचं नाही. बाकी काही नाही, ब्रासो नाही, टूथपेस्ट नाही, लिंबू नाही. ठेवायला ते मऊ वास मारणारे प्लॅस्टिकचे पाऊच घेऊ नका, त्यातलं पीव्हीसी काही वर्षांनी नाण्यावर हिरवा चिकट थर आणतं. साधी कागदी पाकिटं चालतील, त्यावर पेन्सिलने साल आणि देश लिहायचा, हे काम त्याला आवडेल बघा.

आता "किमती काय". तुम्ही धरून चालला आहात की जितकं जुनं तितकं महाग. असं नसतं हो. ब्रिटनमध्ये ब्राँझचा पेनी 1860 ला आला आणि तोच आकार, तीच जाडी 1971 पर्यंत चालली, म्हणजे 1965 साली कुणी बाई पाव आणायला गेली तर सुट्ट्या पैशात तिला व्हिक्टोरियाचा पेनी मिळायचा, झिजून गुळगुळीत झालेला. असे पेनी अजून लाखोंनी पडलेत आणि झिजलेल्याची किंमत चहाच्या कपाइतकीसुद्धा येत नाही. उलट 1951 चा पेनी, म्हणजे तसा कालपरवाचा, फक्त 1 लाख 20 हजार पाडले होते म्हणून त्याला भाव आहे. आणि 1933 चे पेनी तर जेमतेम सातेक असल्याचं सांगतात, त्यामुळे इंग्लंडमधली पोरं पिढ्यान्‌पिढ्या खिशातली चिल्लर तपासत मोठी झाली. तुमच्या डब्यात 1933 चा निघाला तर नाचू नका, 1935 किंवा 1938 चा आकडा खोडून केलेला असण्याची शक्यता जास्त.

मुलाला वाटणी अशी करायला सांगा. आधी चेहऱ्यावरून. तिथली एक गंमत आहे, गादीवर नवीन माणूस आला की त्याचं तोंड आधीच्याच्या उलट दिशेला करायची प्रथा. व्हिक्टोरिया डावीकडे बघते, सातवा एडवर्ड उजवीकडे, पाचवा जॉर्ज डावीकडे. मग सहावा जॉर्ज परत डावीकडेच, हे कसं काय? कारण मधला आठवा एडवर्ड. तो 1936 च्या जानेवारीत आला, डिसेंबरात गादी सोडून गेला, आणि त्याला प्रथा मोडून डावीकडेच बघायचं होतं म्हणे, कारण ती बाजू त्याला आवडायची. त्याची नाणी ब्रिटनमध्ये बाजारात आलीच नाहीत, पण हिशेबात तो उजवीकडे बघून गेला असं धरलं आणि सहावा जॉर्ज डावीकडे वळला. मग एलिझाबेथ उजवीकडे, आताचे चार्ल्स डावीकडे.

व्हिक्टोरिया स्वतः तीन-चार रूपांत सापडेल. 1860 पासून 1894 पर्यंतच्या पेनीवर तरुण, मागे अंबाडा बांधलेली, त्याला इंग्रजीत बन हेडच म्हणतात, आपण बिनधास्त अंबाड्याची राणी म्हणू. 1895 पासून डोक्यावरून पदर घेतल्यासारखी म्हातारी विधवा. चांदीच्या नाण्यांवर 1887 पासून काही वर्षं डोक्यावर एवढासा मुकुट, पडतो की काय असा, लोकांनी तेव्हाही टर उडवली होती त्याची.

चांदीचं बघा. शिलिंग 5.66 ग्रॅम, दोन शिलिंगचा फ्लोरिन 11.31, अडीच शिलिंगचा हाफ क्राउन 14.14. 1919 पर्यंतच्या नाण्यांत साडेब्याण्णव टक्के चांदी, पहिल्या महायुद्धानंतर चांदी महागली म्हणून 1920 पासून निम्मी, आणि 1947 पासून शून्य, नुसतं तांबं आणि निकेल, कारण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करायची होती. इथे एक फसगत होते, लोक वजन करून चांदी ओळखायला जातात, पण वजन तिन्ही काळांत तेच ठेवलेलं आहे. सालच बघायचं. डब्यातली 1920 च्या आधीची चांदीची नाणी झिजलेली असली तरी निदान चांदीच्या भावाची आहेत, ती वेगळी काढा.

भोकाची नाणी म्हणजे, तुम्ही लिहिलंय की व्हिडिओ कॉलवर मुलाची आजी ओरडली, "अगंबाई हा तर आमचा भोकाचा पैसा!" आजी थोडक्यात चुकल्या. आपला भोकाचा पैसा 1943 ते 47 मधला, छोटासा, भोक मोठं, वॉशरसारखा. तुमच्या फोटोत आहे ते मोठं नाणं, भोक लहान, बाजूला हस्तिदंताचे सुळे, ते पूर्व आफ्रिकेचं 10 सेंट. म्हणजे केनिया, युगांडा, आताच्या टांझानियातलं टांगानिका. आणि त्यावर साल 1936 असेल तर नाव नीट वाचायला सांगा त्याला, पाचवा जॉर्ज आहे का आठवा एडवर्ड. भोकामुळे चेहऱ्याला जागाच नव्हती, त्यामुळे ज्या राजाचं नाणं ब्रिटनमध्ये आलं नाही त्याच्या नावाची नाणी मोंबासाच्या बाजारात मात्र फिरली. दुर्मिळ नाहीयेत, स्वस्तात मिळतात, पण अकरा वर्षांच्या मुलाला तसं नाणं हातात धरून काय वाटेल विचार करा. चौकोनी एक सेंट आहे ते बहुतेक मलायाकडचं, सिंगापूर-पेनांगच्या बाजूचं. कांगारूवाला मोठा पेनी ऑस्ट्रेलियाचा. त्याचं साल 1942 किंवा 43 असेल तर भिंगातून इंग्रजी "आय" हे बारीक अक्षर शोधा, ते सापडलं तर तो पेनी ऑस्ट्रेलियात नव्हे, युद्धाच्या धामधुमीत भारतातल्या टांकसाळीत पाडलेला आहे. हे अक्षर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि आता तुमची खरी सल, लुटारूंच्या तोंडांची. तुमचा राग मला कळतो, मी तो काढून टाका म्हणणार नाही. पण तुम्ही समजताय की नाणी जमवणं म्हणजे त्यांचं कौतुक करणं, तिथे जरा थांबू. त्या चेहऱ्याभोवती गोल फिरणारी जी अक्षरं असतात ना, लॅटिनमधली तुटकी तुटकी, ती कधी वाचलीत? "डी जी" म्हणजे देवाच्या कृपेने. "एफ डी" म्हणजे धर्मरक्षक, ही पदवी 1521 मध्ये आठव्या हेन्रीला पोपने दिली, पुढे त्याचं पोपशीच फाटलं पण पदवी त्याने सोडली नाही, आजही नाण्यावर आहे. आणि "इंड इम्प" म्हणजे भारताचा सम्राट. 1877 च्या 1 जानेवारीला दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरियाला सम्राज्ञी जाहीर केलं, तेव्हा आपल्याकडे दख्खनमध्ये, सोलापूर-साताऱ्याकडे, माणसं दुष्काळात पानासारखी गळत होती. त्याच सालापासून आपल्या राणीछापावर क्वीनच्या जागी एम्प्रेस आलं. खुद्द ब्रिटनच्या नाण्यावर "इंड इम्प" यायला 1893 उजाडलं. ही गोष्ट मुलाला शाळेत कुणी सांगेल का? नाणं सांगतं, फक्त शेजारी बसून वाचून दाखवणारं कुणीतरी पाहिजे, आणि ते तुमच्याइतकं चांगलं कोण करणार.

एक काम करा आजच. डब्यातून सहाव्या जॉर्जचे दोन पेनी शोधा, एक 1948 चा, एक 1949 चा. दोन्ही भरपूर पाडले होते, दोनशेत सापडायला हरकत नाही, नाहीतर किरकोळीत मिळतील. शेजारी शेजारी ठेवा, खिडकीच्या उजेडात. तोच चेहरा, तोच भांग, तीच मान. 1948 च्या पेनीवर वाचत वाचत शेवटी आलात की "एफ डी" आणि मग "इंड इम्प". 1949 च्या पेनीवर "इंड इम्प" नाही. गेलं. आणि त्याची जागा रिकामी दिसू नये म्हणून आधी नुसतं "एफ डी" होतं ते लांबवून "फिडेइ डेफ" केलंय, ताणून ताणून बसवलंय, बाई जशी साडी कमी पडली की निऱ्या कमी करून पदर पुरवते तसं. आपलं स्वातंत्र्य इंग्लंडच्या रस्त्यावरच्या साध्या पेनीवर असं उमटलेलं आहे. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा भिंग खाली ठेवून उठून एक चक्कर मारून आलो होतो. मुलाला आधी सांगू नका हां, दोन्ही समोर ठेवा आणि म्हणा, फरक शोध.

यानंतरही तुम्हाला वाटलं की छंद नको, तर तुमचा निर्णय. पण मला वाटतं सोडवण्याऐवजी वाढवा, त्याला एक आपला राणीछापही हवा त्या पाकिटांत. (फक्त गावाकडून येताना पर्समध्ये टाकून आणू नका. शंभर वर्षांवरची नाणी भारताच्या 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात, परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. तिकडच्याच लिलावात किंवा दुकानात अधिकृत मिळतात.)

आता कापसातलं नाणं. आपले सोनार त्याला गिनी म्हणतात, खरी गिनी वेगळी, 21 शिलिंगांची, ती संपली आणि 1817 पासून हे सॉव्हरिन आलं, पण शब्द चिकटला तो चिकटला. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा सेंट जॉर्ज आणि खाली ड्रॅगन, बरोबर? घोड्याच्या टापांखाली जमिनीची रेघ आहे, तिच्या मधोमध, सालाच्या वर, एक बारीक अक्षर असेल. 1918 साली लंडनच्या टांकसाळीने सॉव्हरिन पाडलंच नाही, त्यामुळे अस्सल असेल तर अक्षर असायलाच हवं. एस म्हणजे सिडनी, एम मेलबर्न, पी पर्थ, सी कॅनडातलं ओटावा. आणि "आय" असेल तर ताई, ते आपल्या मुंबईचं. युद्धामुळे इकडे नाण्यांची टंचाई झाली म्हणून फोर्टातल्या टांकसाळीत रॉयल मिंटची, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीची, शाखा उघडली, 1918 सालचं सॉव्हरिन तेरा लाखांच्या आसपास पाडलं आणि 1919 मध्ये शाखा बंदही केली. विसाव्या शतकात मुंबईने पाडलेलं हे एकच साल. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला ते अक्षर "आय" वाटतंय, पण फोटो हललाय, त्यामुळे पैज लावत नाही.

तपासून घ्या मात्र. वजन 7.98 ग्रॅमच्या आसपास, रुंदी 22 मिलिमीटर, सोनं 22 कॅरेट. एवढ्यावर भागत नाही, कारण गेल्या शतकाच्या मधल्या काळात बैरूतकडे खऱ्या सोन्याची खोटी सॉव्हरिन बनत होती, वजनाला चोख, फक्त अक्षरं जाडी भरडी. म्हणून ब्रिटिश न्यूमिस्मॅटिक ट्रेड असोसिएशनचा सदस्य असलेला एखादा व्यापारी गाठा, दाखवायला गेलात म्हणजे विकायलाच पाहिजे असं नाही, आणि पहिल्यानेच "आत्ता द्या, रोख देतो" म्हणणाऱ्याकडून उठून या. ऑक्सफर्डचं अश्मोलियन संग्रहालय जवळ असेल तर मुलाला एक दिवस तिथला नाण्यांचा विभाग दाखवा.

(इतर वाचकांसाठी मधेच. भारतातून मला दर महिन्याला पत्रं येतात की आमच्याकडे 1616 चं, राम-सीतेचं चित्र असलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं आणा-नाणं आहे, व्हिडिओत पाच लाख सांगतायत. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही, ते जत्रेतलं टोकन आहे. आणि नाणं विकून देतो, आधी कमिशन भरा असं रिझर्व्ह बँकेच्या नावाने कुणी म्हणालं तर फोन ठेवा, बँकेने 2021 मध्ये स्वतः सांगितलंय की आम्ही असलं काही करत नाही.)

परत करायचं की ठेवायचं? तुम्ही दोघं भांडताय ते एका न बोललेल्या गोष्टीवर, की आजोबांना हे नाणं डब्यात आहे हे माहीतच नव्हतं. कशावरून? ज्याने कापूस शोधला, डबी शोधली, तळाशी नीट ठेवली त्याला काय आहे ते चांगलं माहीत होतं. आता ते हात आजोबांचे की त्यांच्या वारलेल्या बायकोचे, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर देणारा माणूस जिवंत आहे, बसने वीस मिनिटांवर आहे. तुमच्याच पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की ते पहिल्या भेटीत म्हणाले होते, "माझे वडील पूनाला होते." तुम्ही हसून मान डोलावलीत आणि विषय संपला. विचारा की त्यांना, वडील पूनाला कधी होते, कशाला होते. 1918 चं नाणं आणि पूना, याचा काही संबंध असेलही, नसेलही.

नवऱ्याच्या भीतीला अगदीच पाया नाही असं नाही. आजोबा दिलं तेव्हा भानावर होते तर भेट ती भेट. पण त्यांचे पैशाचे व्यवहार त्यांची मुलगी बघत असेल तर तिला कळायला हवं, कारण तिकडे केअर होमच्या फीचा हिशेब लागताना माणसाने काय काय देऊन टाकलं तेही बघतात. म्हणून आधी तिला फोन. "परत करतो" नाही म्हणायचं, "तुमच्या बाबांनी मुलाला दिलेल्या डब्यात सोन्याचं नाणं निघालंय, तुम्हाला माहीत होतं का?" इतकंच. ती म्हणाली आमच्या घरातलं आहे, हवंय, तर देऊन टाका आणि मुलासमोर द्या, त्याच्याच हाताने. मुलाला वाईट वाटेल, रडेलही, डबा त्याच्याकडे राहणारच आहे. ती म्हणाली ठेवा, तर तिच्याकडून दोन ओळींचा ईमेल घ्या, म्हणजे नवऱ्याची झोप लागेल.

मग आजोबांकडे जा. केअर होमला आधी फोन करून विचारा त्यांची वेळ कुठली बरी असते, या वयात बऱ्याच जणांचं डोकं सकाळी साफ असतं आणि संध्याकाळी गढूळतं. नाणं न्या, ते दोन पेनी न्या, भिंग न्या. आजोबांच्या हातात नाणं देताना खाली मऊ रुमाल धरा, त्यांचे हात थरथरतात असं तुम्ही लिहिलंय. आणि तो व्हिनेगरने घासलेला एखादा पेनीही मुलाच्या खिशात असू दे. तो स्वतःहून दाखवेल बहुतेक.